मदत हवी आहे: गृहभेटींत कामं राहतायत, नोंदवहीत मात्र सगळं 'झालं'. माणसं किती लागतात याचा हिशेब कसा मांडू?

तालुका_समन्वयक

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्यात आमची संस्था घरी जाऊन वृद्धांची शुश्रूषा करते. यादीत सध्या ४६ जण आहेत. ९ पूर्ण अंथरुणाला खिळलेले, १७ आधाराने उठणारे (पक्षाघात, पार्किन्सन, खुब्याचं ऑपरेशन), उरलेले २० हिंडते-फिरते, पण साखर, बीपी आणि गोळ्यांचा गोंधळ. फिरतीवर तिघी: एक जीएनएम (पदविका घेतलेली नर्स) सिस्टर, एक एएनएम (सहायक नर्स) आणि जीडीए (नर्सच्या हाताखालची मदतनीस) कोर्स केलेल्या एक मावशी. सेवा सातही दिवस, प्रत्येकीला आठवड्याची एक सुट्टी.

गेल्या तिमाहीत चौघांना माकडहाडावर किंवा टाचेला बेडसोअर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) झाले. दोघांचे कॅथेटर (लघवीची नळी) बदलायची तारीख उलटून गेली आणि ते तुंबले. नोंदवही उघडली तर 'पाठ तपासली, कूस बदलली, तोंड स्वच्छ केलं' या सगळ्यापुढे बरोबरच्या खुणा. विश्वस्त म्हणतात, माणशी १५ पेशंट, त्यात जड काय आहे?

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. तिघींवर आळ न घेता नेमकं काय राहतंय ते कसं शोधू? माणसं कमी आहेत हे आकड्यांत कसं दाखवू? आणि बेडसोअर आमच्यामुळे की घरच्यांमुळे, हे कसं ओळखायचं?

---

कडुलिंब

आधी नोंदवहीबद्दल. ज्या तक्त्यात फक्त 'झालं' लिहायची सोय आहे, तो तक्ता खोटंच बोलणार. 'राहिलं' लिहायला रकानाच नसेल तर माणूस काय करेल? रिकामी चौकट म्हणजे उद्या जाब, म्हणून खूण पडते.

राहून गेलेल्या शुश्रूषेचा अभ्यास अमेरिकेत बिट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये मांडला, तोही रुग्णालयातल्या परिचारिकांशी बोलून. राहणारी कामं म्हणून जी पुढे आली ती बघा: चालवणं, कूस बदलणं, वेळेवर भरवणं, अंगाची आणि तोंडाची स्वच्छता, समजावून सांगणं, धीर देणं, पाणी-लघवीची नोंद, लक्ष ठेवणं. इंजेक्शन, ड्रेसिंग यात ठळक नाहीत, कारण ती राहिली तर लगेच बोभाटा होतो. तोंड पुसायचं राहिलं तर त्या दिवशी कुणालाच कळत नाही. कारणांमध्ये माणसं कमी असणं आहेच, पण 'सवय' आणि 'ते माझं काम नाही' हीसुद्धा आहेत. एकदा सोडलेलं काम दुसऱ्यांदा सोडताना टोचत नाही.

तुमच्यासाठी असं करा. दोन आठवड्यांपुरता वेगळा कागद काढा. उभ्या ओळीत १२-१३ कामं, त्याहून जास्त नकोत. प्रत्येकापुढे चारच पर्याय: झालं, अर्धवट, राहिलं, लागू नाही. 'अर्धवट' किंवा 'राहिलं' असेल तर कारणाचा आकडा: १ वेळ पुरला नाही, २ साहित्य नव्हतं, ३ घरचं माणूस नव्हतं, ४ पेशंटने नको म्हटलं, ५ उचलायला दुसरं माणूस हवं होतं, ६ कसं करायचं ते नक्की माहीत नाही. कागदावर कर्मचाऱ्याचं नाव नको, पेशंटचा क्रमांक आणि भेटीची वेळ एवढंच. आणि पहिल्याच बैठकीत सांगून टाका की 'राहिलं' लिहिलं म्हणून कुणालाही विचारणा होणार नाही. हे एकदा जरी मोडलंत तर पुढचे सगळे कागद पुन्हा 'झालं'ने भरतील.

पडताळा म्हणून आठवड्यातून एकदा पेशंट अदलाबदल करा. एएनएमच्या पेशंटची पाठ जीएनएमने बघायची, आणि उलट. शोध चूक करणाऱ्याचा नाही, कागद आणि कातडी जुळतात का त्याचा.

---

हिशेबनीस

विश्वस्तांचं 'माणशी १५' हे भागाकार म्हणून बरोबर आहे, पण भाज्य चुकलाय. डोकी मोजू नका, मिनिटं मोजा. तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो. भेटीचा वेळ मी धरलाय, तुमचा वेगळा असेल तर बदला.

खिळलेले ९ जण, रोज एक भेट, ४५ मिनिटं: आठवड्याला ६३ भेटी, २८३५ मिनिटं.
आधाराचे १७ जण, आठवड्यात तीनदा, ३० मिनिटं: ५१ भेटी, १५३० मिनिटं.
हिंडते-फिरते २०, आठवड्यात एकदा, २५ मिनिटं: २० भेटी, ५०० मिनिटं.

एकूण १३४ भेटी, ४८६५ मिनिटं. त्यात प्रवास भेटीमागे सरासरी १५ मिनिटं, म्हणजे २०१०. नोंद आणि नातेवाइकांना फोन, भेटीमागे ५ मिनिटं, म्हणजे ६७०. सगळी बेरीज ७५४५.

आठ तासांच्या पाळीतून जेवणाचा अर्धा तास आणि सकाळी बॅग भरणं, निरोप देणं-घेणं याचा अर्धा तास काढला की ४२० मिनिटं हातात राहतात. ७५४५ भागिले ४२० म्हणजे आठवड्याला १८ पाळ्या. आणि तिघी गुणिले सहा दिवस, तेही १८! विश्वस्त इथेच टाळी देतील. त्यांना इथे थांबू देऊ नका.

माणूस वर्षाला ३६५ वजा ५२, म्हणजे पूर्ण ३१३ दिवसही येत नाही. सणावाराच्या १० सुट्ट्या, किरकोळ ८, हक्काच्या १५, आजारपण आणि प्रशिक्षण मिळून ५ धरा. उरले २७५ दिवस, म्हणजे आठवड्याला ५.३ पाळ्या. तिघींच्या झाल्या १५.९. सगळं सुरळीत असतानाही दर आठवड्याला दोन पाळ्या मुळातच नाहीत. त्यावर अचानक आलेलं काम (तुंबलेला कॅथेटर, पडलेले आजोबा, रुग्णालयातून नुकत्याच घरी आलेल्यांची पहिली लांबलेली भेट) यासाठी १५ टक्के धरले की गरज २०.७ वर जाते. तूट ४.८ पाळ्या. म्हणजे एक पूर्ण माणूस.

आता बघा, ही तूट कुठे मुरते. कुणी भेट चुकवत नाही, ४५ मिनिटांची भेट ३० मिनिटांची होते. ती १५ मिनिटं म्हणजेच कूस, तोंड आणि चार शब्द.

---

रात्रपाळी

हिशेबनीस, गणित पटलं, पण आठवड्याची बेरीज घड्याळ लपवते. समन्वयक ताई/दादा, सकाळी नाश्त्याआधी इन्सुलिन देता का? किती घरी? आणि कोण टोचतं?

---

तालुका_समन्वयक

सहा जणांना, सकाळी ७:३० ते ९ मध्ये. सगळे हिंडत्या-फिरत्या गटातले, घरात बहुतेक दोघंच म्हातारे. सिस्टर आणि एएनएम देतात. हे वर लिहायचं राहिलं.

---

रात्रपाळी

मग तुमचं दुखणं सापडलं. एका घरी प्रवास १५ आणि काम १० मिनिटं धरलं तर दीड तासात एकीची तीनच घरं होतात. सहा घरांना दोघी लागतात. इंजेक्शन जीडीएचं काम नाही, ते मावशींवर ढकलू नका. दोघींची मिळून आठवड्यात दोन दिवस सुट्टी, म्हणजे दर आठवड्याला किमान दोन सकाळी तीन घरांचं इन्सुलिन नाश्त्यानंतर जातंय, किंवा पेशंट उपाशी बसतोय. आणि दोघी इकडे अडकल्या की खिळलेल्यांची सकाळची पाठ-तोंड-आंघोळ एकट्या मावशींवर. मोठ्या माणसाला एकटीने कुशीवर वळवणं अवघड, म्हणून ती सुनेची वाट बघते, सून स्वयंपाकात. कागदावर कारण ५ सगळ्यात जास्त येईल, लिहून ठेवा.

शिवाय सहा घरं रोज म्हणजे ४२ भेटी, १०५० मिनिटं, आणखी अडीच पाळ्या. हिशेबनिसांच्या बेरजेत त्या नाहीतच. थोड्या ठरलेल्या भेटींत मिसळतील, बाकी उघड्या.

चौथी नर्स मागण्याआधी सहापैकी किती घरं स्वतः टोचू शकतील ते बघा. इन्सुलिनच्या पेनने शिकवणं सोपं पडतं: दर वेळी नवी ४ मिमीची सुई, आधी २ युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का बघायचा, टोचल्यावर बटण दाबून १० पर्यंत मोजायचं, जागा रोज बदलायची. त्यांनी तुमच्यासमोर लागोपाठ तीन दिवस बिनचूक करून दाखवलं तरच तुमची रोजची भेट थांबवा, नुसतं 'समजलं' म्हणाले म्हणून नाही. ज्यांना आकडा दिसत नाही किंवा ज्यांचा हात थरथरतो त्यांची भेट थांबवू नका. त्यांच्या डॉक्टरांना विचारा, वेळ किंवा प्रकार बदलता येतो का. तो निर्णय डॉक्टरांचाच.

---

पांढरा_एप्रन

बेडसोअरवर लिहितो, कारण 'आमच्यामुळे की घरच्यांमुळे' हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. दर दोन तासांनी कूस म्हटलं तर दिवसाला १२ वेळा. तुमची भेट एकदा. तेव्हा 'कूस बदलली' हा रकाना नोंदवहीतून काढून टाका. त्याजागी 'घरच्यांचा कूस-तक्ता पाहिला' आणि 'घरच्यांनी माझ्यासमोर वळवून दाखवलं' हे दोन घाला. तुमचं काम ते आहे.

घरच्यांना दोन तासांचा नियम सांगून उपयोग नाही, पहिल्या तीन दिवसांत सुटतो. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शनात धोका असलेल्यांना किमान दर ६ तासांनी आणि जास्त धोका असलेल्यांना दर ४ तासांनी स्थिती बदलायला सांगितलंय. ही किमान मर्यादा आहे. व्यवहारात दिवसा दोन-अडीच तासांनी, घरातल्या कामांना बांधून (चहा, आंघोळ, जेवण, दुपारचा चहा, दिवेलागण), आणि गादी चांगली असेल तर रात्री ११, ३, ६ असं जमतं. लालसर डाग दिसला की रात्रीचं अंतर लगेच कमी करायचं.

वळवताना पूर्ण आडव्या कुशीवर नको, खुब्याच्या हाडावर भार येतो. पाठीमागे खांद्यापासून कमरेपर्यंत उशी लावून साधारण ३० अंश कलतं ठेवा, मग माकडहाडाखाली तुमचा तळवा सहज सरकला पाहिजे. टाचांसाठी उशी पोटरीखाली, टाच हवेत. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका, कातडी घासली जाते. जुन्या सुती लुगड्याची चौघडी कमरेखाली ठेवा आणि दोघांनी दोन बाजूंनी उचलून सरकवा.

एअर बेडवर जाड गोधडी घालतात, तिथे त्याचा फायदा संपतो. एकच चादर. माकडहाडाच्या खाली, गादीच्या तळाशी हात घालून बघा, मध्ये अडीच सेंटीमीटर तरी हवा जाणवली पाहिजे. भारनियमनात पंप बंद पडून गादी बसते, तेव्हा पेशंट थेट फळीवर. खाली साधी फोमची गादी हवीच. रबरी रिंग, लाल जागेवर स्पिरिट किंवा रगडून मालिश, तिन्ही बंद.

आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, आणि तपासणीत नेमकं हेच निसटतं. बोटाच्या मागच्या बाजूने शेजारच्या कातडीशी ताडून बघा: जागा गरम, कडक किंवा दलदलीत लागते का, दाबल्यावर दुखते का. पाठ खिडकीकडे करून बघायची, ट्यूबलाइटमध्ये नाही. नोंद 'पाठ ठीक' अशी नको, 'माकडहाड, दोन्ही टाचा, दोन्ही खुबे' अशी पाच जागांची. ब्रेडन मोजपट्टीवर (बेडसोअरचा धोका गुणांत मोजणारी) १८ किंवा कमी गुण म्हणजे धोका, १२ किंवा कमी म्हणजे जास्त धोका. दर आठवड्याला काढा. भेटी किती हे त्यावरून ठरवा, घर किती लांब आहे त्यावरून नाही.

---

कडुलिंब

कॅथेटरचं राहिलंच. साधा लेटेक्स साधारण २ ते ४ आठवडे, पूर्ण सिलिकॉनचा १२ आठवड्यांपर्यंत, पाकिटावरची मुदत अंतिम. बदलायची तारीख पेशंटच्या फाइलमध्ये असेल तर ती हरवल्यातच जमा. कार्यालयात एक भिंतीवरचं कॅलेंडर, त्यावर तारीख, पेशंट क्रमांक आणि नळीच्या जाडीचा नंबर (१४, १६), पाच दिवस आधी लाल खूण. दोनदा तारीख चुकली म्हणजे बहुधा कारण २ असणार, नळीच शिल्लक नव्हती. साठ्याची वही बघा.

---

तालुका_समन्वयक

बघितली. दोन्ही वेळेला १६ नंबर संपलेला होता.

एक शेवटचं: चौथं माणूस मिळालं तर नर्स घेऊ की जीडीए? विश्वस्त साहजिकच स्वस्त म्हणून जीडीए म्हणतील. आणि स्वयंसेवकांनी तूट भरून निघेल असाही एक सूर आहे, केरळचं उदाहरण देतात.

---

हिशेबनीस

कागद भरून होईपर्यंत ठरवू नका. कारण ५ जास्त निघालं आणि इन्सुलिनची निम्मी घरं स्वतः टोचायला लागली, तर जीडीए घ्या आणि मावशींबरोबर जोडी करून खिळलेल्या ९ घरांवर सकाळी ८ ते ११ लावा. इन्सुलिन सुटलं नाही किंवा कारण ६ आणि जखमांची ड्रेसिंग वाढलेली दिसली, तर एएनएम. दोन नर्सवर सातही दिवस चालणारी सेवा म्हणजे एकीला ताप आला की सगळं थांबलं, हे विश्वस्तांना त्याच बैठकीत सांगा.

---

रात्रपाळी

केरळच्या दाखल्याचं: तिथे २००८ मध्ये उपशामक सेवेचं (गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं) राज्य धोरण आलं आणि ग्रामपंचायती गृहभेटी चालवतात. पण भेटीला प्रशिक्षित नर्स असते, स्वयंसेवक तिच्या जोडीला असतो. तो पेशंट शोधतो, गप्पा मारतो, औषधं आणून देतो, घरच्यांना दोन तास मोकळे करतो. नर्सची पाळी भरून काढत नाही. तुमच्याकडे स्वयंसेवक असतील तर २० हिंडत्या-फिरत्यांच्या गोळ्यांचे आठवड्याचे डबे सिस्टरने भरायचे आणि ते रिकामे होतायत का हे त्यांनी बघायचं. उरलेल्या गोळ्या मोजून फोन करायचा, स्वतः देऊन टाकायच्या नाहीत. एवढं नेमकं काम द्या, 'मदत करा' असं मोघम नको.