एक्स-रेमध्ये डाग दिसला: न्यूमोनिया की क्षयरोग?

माणदेशी (प्रश्न):
माझे वडील ६८ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. आठवडाभर ताप व खोकला राहिल्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात डाग दिसला. डॉक्टरांनी न्यूमोनिया म्हणून औषध सुरू केले, परंतु थुंकीची क्षयरोगासाठी तपासणीही सांगितली. एकाच डागासाठी दोन आजारांचा विचार का करावा लागतो?

अश्विनी_पु:
न्यूमोनिया म्हणजे संसर्गामुळे फुप्फुसातील वायुकोशांना सूज येऊन त्यांत द्रव साचणे. ते कोणत्याही एका जंतूचे नाव नाही. डाग कोठे आहे हे एक्स-रे सांगतो, तो कोणत्या जंतूमुळे पडला हे खात्रीने सांगत नाही, आणि औषध तर जंतूवरच ठरते. न्यूमोकोकस हा जिवाणू निरोगी माणसाच्या नाकाघशातही राहतो आणि प्रतिकारशक्ती खालावली की फुप्फुसात उतरतो. पेनिसिलिन जिवाणूच्या पेशीभित्तिकेवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, घाव घालते; मायकोप्लाझ्मा या जिवाणूला ती पेशीभित्तिकाच नसल्यामुळे पेनिसिलिन त्याच्यावर निष्प्रभ ठरते, तर इन्फ्लुएन्झाच्या विषाणूवर कोणतेच प्रतिजैविक चालत नाही. क्षयाचा जिवाणू अतिशय सावकाश वाढतो, म्हणून त्याचे उपचार सहसा किमान सहा महिने चालतात. क्षयाचा डाग बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात असतो हे खरे. पण मधुमेहींमध्ये तो खालीही आढळतो, शिवाय त्यांना क्षयरोग होण्याची शक्यता दोन ते तीन पट अधिक असते. तुमच्या डॉक्टरांची सावधगिरी मला तरी योग्य वाटते.

प्रयोगशाळेतला:
नमुना नीट द्या. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन खोकून काढलेला बेडका हवा. नुसती लाळ दिल्यास क्षय असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते, आणि सीबीनॅट यंत्रावर (ते जंतूची जनुके शोधते) केल्यास रिफॅम्पिसिन या क्षयावरील प्रमुख औषधाला जंतू दाद देतो की नाही हेही कळते. सुरू असलेल्या औषधांत लेव्होफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा, कारण ते क्षयाच्या जंतूलाही काही काळ दाबते आणि निदान लांबते.

माणदेशी:
आभारी आहे. घरात दोन वर्षांची नात आहे. अहवाल येईपर्यंत तिला दूर ठेवावे का?

अश्विनी_पु:
होय, तोपर्यंत आजोबांनी वेगळ्या, हवेशीर खोलीत झोपावे आणि मास्क वापरावा. क्षयाचे निदान झालेच, तर लक्षणे नसली तरी नातीची तपासणी करून घ्या. पाच वर्षांखालील मुलांना आजार नसल्याची खात्री करून प्रतिबंधक औषध देतात. आजोबांना धाप लागली किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर मात्र अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठा, कारण वृद्धांमध्ये न्यूमोनिया बळावला तरी ताप चढेलच असे नाही.