रविवारची सांडविकेन बस: परतीची वेळ आज रात्री ठरवायची आहे

सहल समिती:
बसवाल्याला उद्या सकाळी 9 च्या आत परतीची वेळ कळवायची आहे. बँडीची (स्केट घालून बर्फावर काठीने बॉल मारायचा स्वीडनमधला खेळ) मॅच 90 मिनिटांची, म्हणजे सुरू झाल्यापासून 2 तासांनी बस दारात चालेल ना? नावं पक्की आहेत, त्यावर आता चर्चा नको.

उप्सालाकर:
नाही चालणार. 45 मिनिटांचे दोन हाफ, वर रेफरी वाया गेलेला वेळ जोडतो. मध्यंतरात बर्फ तासून पाणी सोडणाऱ्या गाड्या फिरतात. मैदान जवळपास फुटबॉलएवढं, आइस हॉकीच्या रिंकसारखं झटपट आटपत नाही. इथेच 2 तास होतात. फायनल आहे, बरोबरी झाली तर ज्यादा वेळ आणि पेनल्टी, मग पदकं. 3 तास 15 मिनिटं सांगा.

सोलनाकर:
30-30-30 असे तीन भाग केले तर दोनदा बर्फ साफ होणार. तेही धरलंय का?

उप्सालाकर:
ते उघड्या मैदानावर, बर्फ पडत असेल किंवा कडाक्याची थंडी असेल तेव्हा. सांडविकेनच्या योरान्सन अरीनाला छप्पर आहे. तो प्रश्न नाही.

खजिनदार:
उशीर झाला तर ड्रायव्हरचे तास संपतात. दुसरा ड्रायव्हर बजेटमध्ये नाही, आधीच सांगून ठेवतो.

सहल समिती:
काका, तासांची अडचण नाही. स्टॉकहोमहून ई-4 महामार्गाने येव्लेपर्यंत, पुढे ई-16, जेमतेम 190 किलोमीटर. दोन्ही वेळचं मिळून साडेचार तास ड्रायव्हिंग, मधली विश्रांती नियमाच्या 45 मिनिटांच्या कितीतरी पुढे. थांबण्याचे पैसे मात्र तुम्ही बघा.

किस्ताकर:
मुलांना गोलमागे बसवू का? जवळून दिसेल.

उप्सालाकर:
गोलमागे नको, समोर जाळी येते. लांब बाजूला, गोलपासून 17 मीटरवर जी अर्धगोल रेषा आहे तिच्या जवळपास बसवा. बँडीत खरी मजा कॉर्नरला. बचाव करणारे सगळे गोलरेषेमागे उभे, हल्ला करणारे त्या अर्धगोलाबाहेर. कोपऱ्यातून बॉल सुटला की बचाववाले अंगावर धावून येतात. फटका मारणाऱ्याला बॉल अडवून लगेच मारावा लागतो, जरा रेंगाळला की काठ्या आडव्या येतात. गोलकीपरकडे काठी नसते, आणि गोल साडेतीन मीटर रुंद, 2.1 मीटर उंच. मुलांना आधी सांगा, बॉल नाही, धावणारे बघा. बॉल टेनिसच्या बॉलपेक्षा थोडा लहान, भगवा-लालसर. कडेची फळी फक्त 15 सेंटीमीटरची, उसळलेला बॉल पहिल्या दोन रांगांत येऊ शकतो. लहानग्यांना तिसऱ्या रांगेच्या वर बसवा.

सोलनाकर:
छप्पर आहे म्हणून कुणी पातळ जॅकेट घालून येऊ नका. थंडी पायांतून चढते. लोकरीचा एकच मोजा आणि सैल बूट; दोन मोजे कोंबले की पाय घट्ट आवळतात आणि जास्त गार पडतात. बसायला फोमची गादी घ्या.

किस्ताकर:
बोर्लेंगे त्याच ई-16 वर ना? तिथल्या सोमाली मुलांनी 2014 मध्ये रशियात इर्कुत्स्कला बँडीच्या जागतिक स्पर्धेत सोमालियाचा संघ उतरवला. आपल्या मुलांसाठी निदान स्केटिंगचा वर्ग तरी काढा. तीन वर्षं मागतोय.

सांस्कृतिक समिती:
वर्गांचं काम आमच्याकडे आहे. मार्चच्या बैठकीत मांडा, या धाग्यात नको.

खजिनदार:
सव्वातीन तास मान्य. त्यापुढचा प्रत्येक अर्धा तास माणशी वाटून घ्यावा लागेल. गाद्या मंडळाच्या कपाटात 12 आहेत, त्या मुलांना द्या.