मदत हवी आहे: सासूबाईंची रात्रीची अमिट्रिप्टिलिन आणि बाकीच्या गोळ्या एकत्र चालतील का?

सीवूड्स_वाचक

सासूबाई ६९ वर्षांच्या आहेत. जुना मधुमेह, तळपायांची आग, रात्री मुंग्या. वाशीच्या न्यूरोलॉजिस्टनी दोन आठवड्यांपूर्वी अमिट्रिप्टिलिन १० मिग्रॅ, रात्री एक, सुरू केली. आग थोडी कमी वाटते. पण सकाळी दहापर्यंत गुंगी असते, तोंड कोरडं पडतं, चार दिवस पोट साफ नाही, आणि रात्री लघवीला उठल्या की गरगरतं.

आधीपासून चालू: मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड, टेल्मिसार्टन ४०, फॅमिली डॉक्टरांनी दिलेली ‘नसांची गोळी’ रात्री एक, आणि गुडघ्यासाठी ऑर्थोपेडिककडची दुखण्याची गोळी दिवसातून दोनदा. सर्दी झाली की केमिस्टकडची गोळी.

नेटवर ही ‘डिप्रेशनची गोळी’ आहे असं वाचून त्या घाबरल्या आहेत आणि आजपासून बंद करते म्हणतात. करू द्यावी का? घरात तीन वर्षांचा मुलगा आहे, तेव्हा गोळ्या ठेवायच्या कशा तेही सांगा.

गोळीचिठ्ठी

ताई, आधी दोन पट्ट्या उलट्या करून मागचं बारीक अक्षर वाचा: नसांची गोळी आणि दुखण्याची गोळी. कंपनीचं ठळक नाव नको, खालची घटकांची ओळ मिग्रॅसकट इथे लिहा. उत्तर बहुतेक तिथेच आहे.

तोवर भीतीबद्दल. अमिट्रिप्टिलिन १९६१पासून नैराश्यासाठी वापरात आहे हे खरं. पण नैराश्यासाठी डोस साधारण ७५ ते १५० मिग्रॅ लागतो. नसांच्या दुखण्यासाठी १० वर सुरू करून गरजेप्रमाणे हळूहळू वाढवतात. मेंदूकडून मणक्यात उतरणारे, वेदनेला आवर घालणारे जे मार्ग आहेत, त्यांतलं नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि सेरोटोनिन ती टिकवून धरते, म्हणून आग कमी होते. पूर्ण फरक कळायला चार ते सहा आठवडेही लागतात. डॉक्टरांनी त्यांना मनोरुग्ण ठरवलेलं नाही, हे सासूबाईंना याच शब्दांत सांगा.

सीवूड्स_वाचक

वाचलं. नसांची गोळी: प्रीगॅबालिन ७५, नॉरट्रिप्टिलिन १०, मिथाइलकोबालामिन १५००. दुखण्याची: पॅरासिटॅमॉल ३२५, ट्रॅमॅडॉल ३७.५. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामिन आहे.

गोळीचिठ्ठी

मग चित्र स्पष्ट आहे. नॉरट्रिप्टिलिन ही अमिट्रिप्टिलिनची सख्खी बहीण. अमिट्रिप्टिलिन यकृतात गेल्यावर तिचंच नॉरट्रिप्टिलिन बनतं. म्हणजे एकाच जातीचं औषध रोज रात्री दोन पट्ट्यांतून जातंय, वर प्रीगॅबालिनची गुंगी. एका डॉक्टरांना दुसऱ्याची चिठ्ठी दिसली नाही की असं होतं. आपल्याकडे नसांच्या बऱ्याच जोडगोळ्यांत (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) नॉरट्रिप्टिलिन असते, आणि घरी सगळे ती ‘व्हिटॅमिनची गोळी’ समजून घेत राहतात.

ट्रॅमॅडॉलचा प्रश्न याहून मोठा. तीही सेरोटोनिन वाढवते आणि आकडी येण्याची शक्यताही वाढवते. ट्रायसायक्लिक, म्हणजे अमिट्रिप्टिलिन-नॉरट्रिप्टिलिनच्या गटातली औषधंही दोन्ही करतात. हात थरथरणं, दरदरून घाम, ताप, जुलाब, विलक्षण अस्वस्थता, पाय ताठणं किंवा झटके देणं, यातलं काही एकत्र दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टी.

आज काय करायचं: सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्यूरोलॉजिस्टना फोन करा आणि ट्रॅमॅडॉलच्या पुढच्या डोसाआधी व रात्रीच्या गोळ्यांआधी घटकांची ओळ वाचून दाखवा. ‘नॉरट्रिप्टिलिन आधीच चालू आहे आणि ट्रॅमॅडॉलही’ हे वाक्य पहिल्यांदा. कुठली ठेवायची, कुठली काढायची हे त्यांनी ठरवायचं. ट्रॅमॅडॉल बरेच दिवस चालू असेल तर तीही एकदम तोडत नाहीत. गुडघ्याला नुसती पॅरासिटॅमॉल पुरेल का, हे विचारा. ट्रॅमॅडॉलऐवजी स्वतःहून डायक्लोफिनॅक देऊ नका. मधुमेह आणि टेल्मिसार्टन असताना मूत्रपिंडावर भार येतो. क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्टही हाताशी ठेवा, प्रीगॅबालिनचा डोस त्यावर ठरतो.

सर्दीची ती गोळी तूर्त नको. क्लोरफेनिरामिनमुळे तोंड, आतडी, मूत्राशय सगळं आणखी कोरडं आणि सुस्त होतं. पोटदुखीवरच्या डायसायक्लोमिनचंही तसंच. खोकल्याच्या औषधात डेक्स्ट्रोमेथॉर्फन नाही ना, ते बघा, तेही सेरोटोनिन वाढवतं. आणि पावसाळ्यात नायट्यासाठी टर्बिनाफिनच्या गोळ्या कोणी लिहिल्या तर ‘अमिट्रिप्टिलिन चालू आहे’ असं आधी सांगा. हे औषध फोडणारं यकृतातलं एन्झाइम टर्बिनाफिनने अडतं आणि तोच डोस रक्तात बराच चढतो. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्यांनीही असंच होतं.

पावलोपावली

गरगरण्याकडे दुर्लक्ष नको, या वयात खुब्याचं हाड मोडणं हा सगळ्यात वाईट परिणाम. घरी बीपीचं मशिन असेल तर असं मोजा: पाच मिनिटं आडवं झोपवून एक रीडिंग, उभं केल्यावर एका मिनिटाने दुसरं, तीन मिनिटांनी तिसरं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते लिहून डॉक्टरांना द्या. मोजताना शेजारी कुणीतरी धरायला उभं हवं. जुन्या मधुमेहात बीपी सांभाळणाऱ्या नसाही कमजोर झालेल्या असतात, त्यात हे औषध आणि टेल्मिसार्टन, म्हणून उतार जास्त पडतो.

पण ग्लिमेपिराइड चालू आहे, तेव्हा रात्रीचं गरगरणं साखर उतरल्याचंही असू शकतं. त्या वेळी ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. ‘औषधाची गुंगी आहे, झोपू दे’ म्हणून सोडणं इथे धोक्याचं.

रात्री उठताना आधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं. बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू.

बद्धकोष्ठ: इसबगोल द्यायचं तर मोठा पेलाभर पाण्याबरोबरच. कमी पाण्यात ते आत घट्ट होऊन बसतं. चार दिवस झालेत, तेव्हा फोनवर हेही सांगा. पोट फुगलं, उलटी झाली तर त्याच दिवशी दाखवा. लघवीची भावना आहे पण होत नाही, ओटीपोट तट्ट, असं झालं तरी त्याच दिवशी. तोंडासाठी घोट घोट पाणी. गोड गोळ्या चघळायला नकोत, साखर आहेच आणि लाळ कमी असली की दात लवकर किडतात.

काचबिंदूचा इतिहास आहे का? डोळा लाल होऊन ठणकणं, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसणं ही तातडीची बाब. आणि या औषधाने घाम कमी येतो, त्यामुळे मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी बाजारात पाठवू नका.

रात्रपाळी

बाकीचं वर आलंच आहे. मी साठवण आणि ईसीजीवर लिहितो.

या वयात, त्यात मधुमेह असताना, ट्रायसायक्लिक देण्याआधी ईसीजी बघितलेला बरा. झाला नसेल तर मागा. अलीकडे हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा हृदयाच्या विद्युत-संदेशाच्या वाटेत अडथळा (हार्ट ब्लॉक) असेल तर ही औषधं देत नाहीत. छातीत धडधड किंवा शुद्ध हरपणं हे फोनवर विचारायचे प्रश्न नव्हेत, १०८ लावा.

साठवण: लहान मुलाच्या बाबतीत अमिट्रिप्टिलिन हे घरातल्या सर्वांत धोकादायक औषधांपैकी एक आहे. कुलूपबंद कपाट, मुलाच्या हाताच्या वर. फ्रिजवरचा डबा, पर्स, उशाखालची पट्टी यातलं काही चालणार नाही. आठवड्याच्या कप्प्यांची डबी वापरत असाल तर तीही कुलपात, ती डबी मुलाला सहज उघडते. एका वेळी पंधरा दिवसांचाच साठा आणा.

मुलाने एक गोळी जरी गिळल्याची शंका आली, तरी लक्षणांची वाट बघायची नाही. पहिला तास मूल खेळतंय, ठीक दिसतंय, आणि पुढच्या काही तासांत झोप, आकडी, हृदयाचे ठोके बिघडणं हे झपाट्याने येतं. ओकारी काढू नका, मीठपाणी पाजू नका. पट्टी सोबत घेऊन जवळच्या, ईसीजी आणि आयसीयू असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा. ईसीजीतल्या लाटा रुंद झाल्या तर सोडियम बायकार्बोनेट शिरेतून देतात, ते घरी किंवा क्लिनिकमध्ये होत नाही. वाटेत एम्सचं विषबाधा माहिती केंद्र: १८०० ११६ ११७.

मोठ्या माणसाने जास्त गोळ्या घेतल्या तरी हेच. घरात कुणाचं मन फार खचलेलं असेल तर साठा त्यांच्या हाती ठेवू नका, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मराठीत बोलता येतं.

सीवूड्स_वाचक

फोन झाला. नसांची जोडगोळी थांबवून प्रीगॅबालिन वेगळी लिहिली, अमिट्रिप्टिलिन १० तीच ठेवली, पण रात्री आठला घ्यायला सांगितली. ट्रॅमॅडॉल कमी करत बंद करायची आहे, कशी ते लिहून दिलंय. ईसीजी उद्या. एखाद्या रात्री आठची गोळी राहिली आणि आठवण मध्यरात्री झाली तर?

गोळीचिठ्ठी

सोडून द्या, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी एकच. दोन कधीच नाहीत. आठच्या गोळीने सकाळची गुंगी कमी व्हायला हवी. आठवड्याने तशीच राहिली तर पुन्हा फोन करा. पुढे डोस वाढला आणि मग बंद करायची वेळ आली, तर काही आठवड्यांत पायरीपायरीने उतरवतात, एकदम सोडलं तर मळमळ, डोकेदुखी, वाईट स्वप्नं, घाम असा त्रास होतो. आणि जुन्या जोडगोळीची उरलेली पट्टी आजच घरातून काढा. ‘नसांची’ म्हणून ती परत चालू होईल.