एमबीए सीईटीचे लॉजिकल रीझनिंग वेळेत कसे सोडवावे? सल्ला हवा आहे

मोंढ्यातला मुनीम, लातूर

सर्वांना नमस्कार. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून गेली दोन वर्षे येथील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडत दुकानावर हिशेब लिहितो. यंदा एमबीएची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, देण्याचे ठरवले आहे. पेपरात २०० प्रश्न आणि १५० मिनिटे असतात. त्यांतले ७५ प्रश्न लॉजिकल रीझनिंगचे आणि २५ आकृत्यांचे, म्हणजे निम्मा पेपर तर्काचाच झाला. गणिताची मला धास्ती नाही, कारण दिवसभर शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या लिहिताना हमाली आणि तोलाईचे हिशेब तोंडीच होतात. मात्र कोडे समोर आले की डोके चालेनासे होते. गेल्या रविवारच्या सराव चाचणीत आठ माणसे गोल टेबलाभोवती बसवण्यात माझी अकरा मिनिटे गेली आणि शेवटी एका माणसाला खुर्चीच उरली नाही.

दुसरी अडचण भाषेची आहे. माझी दहावी मराठी माध्यमातून झाली आणि हा पेपर इंग्रजीत असतो. साधे वाक्य समजते, पण ‘अनलेस’ किंवा ‘ओन्ली इफ’ आले की नेमके काय म्हटले आहे याची खात्री वाटत नाही. एका ऑनलाइन क्लासची फी भरून पाहिली. तेथे व्हिडिओ पुष्कळ मिळाले, पण शंका विचारली की ‘पुढच्या भागात येईल’ एवढेच उत्तर येते. जानेवारीत तुरीची आवक सुरू झाली की सकाळचे सौदे सोडून अभ्यासाला बसणे शक्य होणार नाही. तेव्हा रात्रीच्या दोन तासांत काय करावे, कोडी कोणत्या क्रमाने घ्यावीत आणि किती सोडून द्यावीत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

दुधनाकाठ, सेलू

दादा, मी ही परीक्षा दोनदा दिली आहे. पहिल्या वेळी माझेही तुमच्यासारखेच झाले होते, म्हणून आधी वेळेचा हिशेब सांगते. २०० प्रश्नांना १५० मिनिटे म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. पाच प्रश्नांचा एक संच असेल, तर त्या संपूर्ण संचाला पावणेचार मिनिटे मिळतात. तुमची अकरा मिनिटे जवळजवळ तीन संचांची होती. त्या वेळात नातेसंबंध, दिशा, सांकेतिक भाषा असे सुटे प्रश्न दहा-बारा तरी झाले असते.

पहिल्या प्रयत्नात मी पेपर जसा समोर येईल तसा सोडवत गेले. दुसऱ्या वेळी मी पेपरच्या दोन फेऱ्या ठरवल्या. पहिल्या फेरीत सुटे प्रश्न आणि ज्या कोड्यात एखादी पक्की जागा दिली आहे अशीच कोडी घेतली. कोडे वाचल्यानंतर दीड-दोन मिनिटांत कागदावर एकही माणूस बसला नाही, तर त्याला खूण करून मी पुढे जात असे. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे शेवटची तीन मिनिटे मी राखून ठेवली आणि उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला काही ना काही उत्तर दिले. कोरा प्रश्न ठेवून उठणे म्हणजे हातचे सोडणे आहे.

आणखी एक लहानशी गोष्ट सांगावीशी वाटते. प्रश्न संगणकाच्या पडद्यावर असतो आणि आकृती कागदावर काढायची असते, त्यामुळे मान सतत वर-खाली होते आणि एखादी अट नजरेतून निसटते. घरी पुस्तकातल्या प्रश्नाखालीच पेन्सिलीने खुणा करून सराव केला, तर परीक्षेच्या दिवशी ही गैरसोय फार जाणवते. म्हणून मोबाइलवर प्रश्न उघडून शेजारी कोरा कागद ठेवावा आणि नावांची फक्त आद्याक्षरे लिहावीत. आकृत्यांच्या २५ प्रश्नांची फार काळजी करू नका. संपूर्ण आकृतीकडे न पाहता एकाच घटकाचा, उदाहरणार्थ फक्त काळ्या ठिपक्याचा, प्रवास पाहिला की दोन-तीन पर्याय आपोआप गळतात.

गणिताचे मास्तर, अंबाजोगाई

मुनीमजी, वेळेचे ताईंनी नेमके सांगितले आहे. मी कोडे कसे उघडावे ते दाखवतो, कारण बहुतेक मुले अटी छापलेल्या क्रमाने वापरतात आणि तेथेच फसतात.

असे समजा की सहा विद्यार्थी उत्तरेकडे तोंड करून एका रांगेत बसले आहेत आणि त्यांना आपण गावांवरून ओळखतो : औसेकर, उमरगेकर, किनवटकर, जिंतूरकर, परळीकर आणि सेलूकर. पहिली अट अशी की औसेकर उमरगेकराच्या शेजारी नाही. दुसरी, औसेकर आणि किनवटकर यांच्या मध्ये दोघे जण आहेत. तिसरी, जिंतूरकर परळीकराच्या लगेच उजवीकडे आहे. चौथी, सेलूकर डावीकडून तिसरा आहे.

पहिल्या अटीपासून सुरुवात केलीत तर हाती काहीच लागत नाही, कारण ‘शेजारी नाही’ या अटीला कितीतरी मांडण्या चालतात. ती बाजूला ठेवा, पण विसरू नका. कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पक्की अट चौथी आहे, तेव्हा सेलूकर तिसऱ्या जागेवर बसवा. आता दुसरी अट. मध्ये दोघे म्हणजे जागा १ आणि ४, २ आणि ५ किंवा ३ आणि ६. तिसरी जागा भरलेली असल्यामुळे शेवटची जोडी बाद झाली. २ आणि ५ घेतल्यास १, ४ आणि ६ या जागा उरतात. त्यांतल्या कोणत्याही दोन शेजारी-शेजारी नाहीत, आणि परळीकर व जिंतूरकर यांना तर लगत बसायचे आहे, म्हणून हीही जोडी गेली. राहिली १ आणि ४. उरलेल्या २, ५, ६ या जागांपैकी लगतच्या जागा ५ आणि ६ आहेत, म्हणून पाचवा परळीकर, सहावा जिंतूरकर आणि दुसरा उमरगेकर. आता पहिल्या जागी औसेकर की किनवटकर एवढाच प्रश्न उरतो, आणि येथे कोपऱ्यातली ती नकारार्थी अट कामाला येते. उमरगेकर दुसरा असल्यामुळे औसेकर पहिला असू शकत नाही. क्रम निघाला : किनवटकर, उमरगेकर, सेलूकर, औसेकर, परळीकर, जिंतूरकर.

तुमच्या गोल टेबलाबद्दल माझा अंदाज असा आहे की तुमची उजवी-डावी बाजू उलटली असावी. केंद्राकडे तोंड करून बसलेल्या माणसाचा उजवा हात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला असतो. खात्री करायची असेल तर वर्तुळाच्या तळाशी स्वतः बसल्याची कल्पना करा. तेथे तुमचा उजवा आणि कागदाचा उजवा एकच असतो. बाहेरच्या बाजूला तोंड असेल तर सगळे उलटे होते, आणि काही आत, काही बाहेर असे मिश्रण असेल तर ते कोडे सरळ दुसऱ्या फेरीसाठी ठेवावे.

आता भाषेकडे वळतो. मराठी माध्यमाचा तुम्ही उगाच न्यूनगंड धरला आहे. इंग्रजीत ‘इफ’ आणि ‘ओन्ली इफ’ यांत जो फरक आहे, तो आपल्याकडे ‘तर’ आणि ‘तरच’ यांत आहे, आणि तो आपण लहानपणापासून अचूक बोलतो. ‘पाऊस झाला तरच पेरणी होईल’ असे एखाद्या शेतकऱ्याने म्हटले, तर पेरणी झालेली दिसताच पाऊस झाला होता हे नक्की ठरते. पण पाऊस झाला म्हणून पेरणी झालीच, असे मात्र म्हणता येत नाही. बियाणे मिळाले नसेल किंवा वाफसा आला नसेल. ‘पाऊस झाला तर पेरणी होईल’ या वाक्यात याच्या उलट आहे. तेथे पाऊस झाल्यावर पेरणी नक्की, पण पेरणी पाहून पावसाची खात्री देता येत नाही, कारण विहिरीच्या पाण्यावरही कोणी पेरले असेल. ‘अनलेस’चे भाषांतर ‘झाल्याशिवाय’ असे करा : पाऊस झाल्याशिवाय पेरणी होणार नाही, म्हणजे पुन्हा ‘तरच’. इंग्रजी वाक्य वाचताच मनात मराठी वाक्य तयार करा आणि त्यात ‘च’ कोठे बसतो ते पाहा. माझ्या वर्गात इंग्रजी माध्यमाची मुले या ठिकाणी जितकी चुकत, तितकी मराठी माध्यमाची चुकत नसत.

गोदाकाठचा बँकवाला, नांदेड

ताईंच्या एका मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. कोडे सोडून पुढे जाणे परीक्षेच्या दिवशी योग्यच आहे, पण सरावातही तीच सवय लागली तर अवघड कोडे कधीच सुटणार नाही. बँकेच्या परीक्षांच्या तयारीत मी असे करत असे की चाचणीत सोडलेले प्रत्येक कोडे त्याच रात्री घड्याळ न लावता पूर्ण करायचे, मग भले अर्धा तास लागो. त्यानंतर वहीत एकच ओळ लिहायची : कोणती अट आधी घेतली असती तर ते लवकर सुटले असते. महिनाभराने ती वही चाळल्यावर माझ्या लक्षात आले की मी जवळजवळ दर वेळी ‘मध्ये तिघे आहेत’ आणि ‘तिसऱ्या जागेवर आहे’ यांची गल्लत करत होतो.

सिलॉजिझमसाठी, म्हणजे दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढण्याच्या प्रश्नांसाठी, वर्तुळे काढावीत, पण एकाच मांडणीवर विश्वास ठेवू नये. ‘काही आडतदार व्यापारी आहेत’ आणि ‘सर्व व्यापारी करदाते आहेत’ ही विधाने दिली असतील, तर काही आडतदार करदाते आहेत हे निश्चित निघते. मात्र ‘काही आडतदार करदाते नाहीत’ हे निघत नाही, कारण सगळेच आडतदार करदात्यांच्या वर्तुळात सामावलेली आकृतीही दिलेल्या विधानांत बसते. एकही आकृती निष्कर्ष मोडत असेल तर तो निष्कर्ष बाद. ‘काही अ हे ब आहेत’ आणि ‘एकही अ हा ब नाही’ असे दोन निष्कर्ष असून स्वतंत्रपणे एकही सिद्ध होत नसेल, तर ‘दोहोंपैकी एक’ हा पर्याय निवडावा.

विधी शाखा, छत्रपती संभाजीनगर

मी क्लॅटची, म्हणजे कायद्याच्या प्रवेश परीक्षेची, तयारी केली होती. तेथे १२० प्रश्न आणि दोन तास असतात, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात आणि लॉजिकल रीझनिंगमध्ये कोड्यांपेक्षा उताऱ्यांवर भर असतो. चार पर्यायांपैकी एक जरी खात्रीने बाद करता आला, तरी अंदाज करणे हिशेबाने फायद्याचेच ठरते : एक-तृतीयांश वेळा एक गुण मिळतो आणि दोन-तृतीयांश वेळा पाव जातो. तुमच्या परीक्षेत हे ओझेही नाही.

उताऱ्यांच्या प्रश्नांत मला जी खोड मोडावी लागली ती सांगतो, कारण गृहीतक आणि निष्कर्षाचे प्रश्न सीईटीतही येतात. मी मूळचा लातूरचा. पाणीटंचाईचा उतारा आला की मला २०१६ साली मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे आठवत असे, आणि मग जो पर्याय माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे तोच मी निवडत असे. तो खरा असायचाही, पण उताऱ्यात त्याचा मागमूस नसायचा. आपल्याला काय माहीत आहे हे कोणी विचारत नाही; दिलेल्या वाक्यांतून काय निघते एवढेच विचारले जाते.

गृहीतकासाठी पर्याय उलटा करून पाहावा. समजा, ‘आमच्या प्लॉटवर बाराही महिने पाणी आहे, आजच नोंदणी करा’ अशी जाहिरात आहे. पर्याय असा की लोक जागा घेताना पाण्याचा विचार करतात. तो उलटवा : लोक पाण्याचा विचार करतच नाहीत. जाहिरातीत मग काही अर्थ उरत नाही, म्हणून ते गृहीतक आहे. दुसरा पर्याय असा की आसपासच्या इतर प्लॉटवर पाणी नाही. हा उलटवला, म्हणजे इतरांकडेही पाणी आहे असे मानले, तरी जाहिरात उभी राहते; तेव्हा ते गृहीतक नाही.

मोंढ्यातला मुनीम, लातूर

आपण सर्वांनी एवढे सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभारी आहे. मास्तर, आपला अंदाज खरा ठरला. ते गोल टेबलाचे कोडे काल रात्री पुन्हा उघडले, तेव्हा मी दोन ठिकाणी उजवीकडचा माणूस डावीकडे बसवल्याचे आढळले. दुरुस्ती केल्यावर आठवी खुर्ची मिळाली, मात्र सात मिनिटे लागली. ताई, दोन फेऱ्यांची पद्धत मी येत्या रविवारी वापरून पाहतो, आणि बँकवाले दादांनी सुचवलेली वही आजपासून सुरू केली आहे.

एक शंका राहिली आहे. कालच्या प्रश्नात ‘नन बट ग्रॅज्युएट्स अप्लाइड’ असे वाक्य होते. मी त्याचे भाषांतर ‘सर्व पदवीधरांनी अर्ज केला’ असे केले आणि उत्तर चुकले.

गणिताचे मास्तर, अंबाजोगाई

‘पदवीधरांनीच अर्ज केला’ असे म्हणा. अर्ज करणारा प्रत्येक जण पदवीधर आहे, पण प्रत्येक पदवीधराने अर्ज केला असेल असे नाही. तुम्ही ‘च’ सोडलात आणि त्याच्या जागी ‘सर्व’ घातलेत. सात मिनिटे ठीक आहेत. तेच कोडे आठ दिवसांनी कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा आणि किती वेळ लागला ते येथे कळवा.