मदत हवी आहे: पेट्रोल गाडीला हायड्रोजन किट बसवू का? शनिवारपर्यंत सांगायचंय

शाहूपुरी_०९:
गाडीचं अ‍ॅव्हरेज १७ वरनं १३.५ वर आलंय. एकानं हायड्रोजन किट सुचवलंय. पाण्यातनं गॅस तयार करून इंजिनला देतं, ३० टक्के बचत म्हणतोय. १८ हजार, शनिवारपर्यंत सांगितलं तर १५. खरंच फरक पडतो का? हो का नाही तेवढं सांगा, वेळ नाही.

उद्यमनगर टर्नर:
किती सीसी, कुठल्या सालची गाडी? किट किती अँपिअर ओढतं, गॅस किती देतं? अ‍ॅव्हरेज टाकी फुल करून काढलंय का डिस्प्लेवरनं?

शाहूपुरी_०९:
१२०० सीसी, २०१४. टाकी फुल करून, दोनदा. किटच्या कागदावर १५ अँपिअर, मिनिटाला १ लिटर गॅस असं आहे. पण मी किटबद्दल विचारतोय, गाडीबद्दल नाही.

शिरोली जुगाड:
बिनधास्त बसवा. फक्त किटमधल्या, पाण्यातनं वीज सोडणाऱ्या प्लेटा ३१६एल स्टीलच्या आहेत का बघा, ३०४ नको. पाणी डिस्टिल्डच, त्यात कॉस्टिक पोटॅश. काही जण खायचा सोडा घालतात, पाणी तपकिरी होतं, प्लेटा खराब होतात आणि मग किटला नावं ठेवतात. हायड्रोजनची ज्योत पेट्रोलच्या कितीतरी पट वेगानं पसरते, म्हणून पेट्रोल पूर्ण जळतं.

उद्यमनगर टर्नर:
सोड्याचं बरोबर. ते तपकिरी पाणी गटारातही ओतू नये, स्टीलमधलं क्रोमियम त्यात विषारी रूपात उतरतं.
आता हिशेब बघा. किटमध्ये सहा सेल (प्लेटांमधले कप्पे) धरले तर १५ अँपिअरला मिनिटाला १ लिटर गॅस मिळतो, म्हणजे कागद खोटा नाही. त्यात हायड्रोजन दोन तृतीयांश, बाकी ऑक्सिजन. त्याची ऊर्जा भरते जेमतेम ११० वॉट. ६० च्या स्पीडला तुमची गाडी तासाला ४ लिटरच्या आसपास पेट्रोल पिते, म्हणजे ३५ किलोवॉट. १०० रुपयांच्या पेट्रोलमागे ३० पैशांचा गॅस झाला.
तो बनवायला १३.८ व्होल्ट गुणिले १५, म्हणजे २०७ वॉट वीज लागते. अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारा) निम्म्याहून थोडी जास्तच शक्ती विजेत बदलतो, म्हणजे बेल्टवर ३७५ वॉटचा भार. इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा चौथा हिस्सा कामाला लावतं, म्हणजे दीड किलोवॉटचं पेट्रोल. ४ रुपये घालून ३० पैसे परत.

शिरोली जुगाड:
तुम्ही गॅसला इंधन धरताय. तो ज्वलन सुधारतो, मुद्दा तो आहे.

उद्यमनगर टर्नर:
सुधारायला काही शिल्लक पाहिजे ना. धड इंजिनात न जळता जाणारं पेट्रोल एक-दोन टक्केच असतं. नुकसान होतं ते सायलेन्सर आणि रेडिएटरमधनं जाणाऱ्या उष्णतेत. शिवाय क्रूझिंगला हे इंजिन मिनिटाला ५००-६०० लिटर हवा ओढतं. त्यात १ लिटर गॅसनं ज्योतीचा वेग कितीसा बदलणार?

सीएनजी_हुपरी:
त्यापेक्षा सीएनजी करा. मान्यताप्राप्त किट घ्या, आरसी बुकवर नोंद करा, सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर ३ वर्षांनी.

शाहूपुरी_०९:
सीएनजी विचारलेलं नाही. किटबरोबर एक छोटा डबा पण देतोय, सेन्सरसाठी. तो कशाला?

कागलकर:
मूळ कारण ई-२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. सगळ्यांचंच अ‍ॅव्हरेज पडलंय.

ऊसवाला_शिरोळ:
इथेनॉलला उगा बदनाम करू नका. त्याच्यामुळं कारखान्यांकडं पैसा येतो, उसाची बिलं निघतात.

कागलकर:
बिलं निघू देत. लिटरमागं ऊर्जा कमी ती कमीच.

उद्यमनगर टर्नर:
ई-२० मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी, ई-१० शी तुलना केली तर साडेतीनच. इथं घट २० टक्क्यांची आहे. बाकीची कुठं गेली ते शोधायला पाहिजे.
आणि तो डबा अजिबात लावू नका. ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल बदलून तो ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) पेट्रोल कमी करायला लावतो. थोडी बचत दिसली तर ती याचीच असते. गॅसची नळी काढून डबा तसाच ठेवला तरी तेवढंच अ‍ॅव्हरेज मिळतं. मिश्रण कोरडं झालं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडलं, की चढाला इंजिन नॉक करतं (ठोके देतं), कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो. पोटॅशचं पाणी फेसासकट नळीतनं आलं तर अ‍ॅल्युमिनियमची थ्रॉटल बॉडी खातं. उलट ज्योत आली तर बबलर (गॅस ज्या पाण्यातनं बुडबुडत जातो तो डबा) फुटतो, हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के असला तरी पेट घेतो. असल्या फेरफारावर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, विमावाला तेच दाखवतो.

शिरोली जुगाड:
बबलर दोन लावायचे, ज्योत मागं यायचा धोका कमी होतो. नीट बसवल्यावर फरक जाणवतो, हे मी बोलणारच.

कागलकर:
बसवताना प्लग बदलतात, थ्रॉटल धुतात, चालवणाराही पाय हलका ठेवतो. नुसता किटचा स्विच बंद-चालू करून, एकाच पंपावर, एकाच नोजलनं तीन-तीन टाक्या मोजल्या पाहिजेत.
शाहूपुरी, चारी चाकं जॅकवर हातानं फिरवून बघा, ब्रेक धरतोय का. इंजिन गरम व्हायला किती वेळ लागतो?

शाहूपुरी_०९:
चाकं मोकळी आहेत. टायरात ३३ हवा. इंजिन थंडच राहतंय, ते चांगलंच आहे. इंजिन थंड असल्याचा निळा दिवा बराच वेळ असतो, करूळ घाट उतरताना तर परत लागतो.

उद्यमनगर टर्नर:
हे आधी सांगायचं की राव! थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडं सोडणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकलाय. ईसीयूला इंजिन कायम थंड वाटतंय, म्हणून ते जादा पेट्रोल सोडतंय. सकाळी थंड गाडी चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा. चांगला थर्मोस्टॅट असेल तर होज काही मिनिटं गारच राहतो, मग एकदम गरम होतो. पहिल्यापासनं हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट गेला. फॅनपासून हात लांब ठेवा.

शाहूपुरी_०९:
बघितलं. दोन मिनिटांत कोमट. किटवाल्याला नाही म्हणून कळवलं. आता काय काय घ्यायचं?

उद्यमनगर टर्नर:
थर्मोस्टॅट, त्याचा रबर रिंग, कूलंट. जुन्या थर्मोस्टॅटवर तापमान कोरलेलं असतं, तेवढ्याच अंशाचा घ्या, कमी अंशाचा देत असतील तर घेऊ नका. कूलंट कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड पाणी, तयार असेल तर तसंच. भरताना हीटर फुल गरमवर ठेवून हवा काढा, नाहीतर हवेचा बुडबुडा अडकून इंजिन तापतं. आणि रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच उघडा.

सीएनजी_हुपरी:
सीएनजी करणार असाल तरी थर्मोस्टॅट आधी बदला. बऱ्याच किटांत इंजिन थोडं गरम होईपर्यंत गाडी गॅसवर जात नाही.