नव्या घरात सोलरचं पाणी कोमटच येतंय

सांगलीत नवीन बांधकाम. गच्चीवर २०० लिटरचा, काचेच्या नळ्यांचा सोलर. ऊन कडक, पण नळाला पाणी कोमट. आधी काय तपासावं?

– दादा, आधी मिक्सर, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र करणारा नळ, तपासा. सोलरच्या टाकीतून खाली येणारा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि बाथरूममधला गरम नळ सोडा. धार चालूच राहिली, तर एखाद्या मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनीत घुसतंय. गार लाइनीला प्रेशर पंप असेल तर हे हमखास होतं. त्या मिक्सरच्या गरम जोडाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) बसवून घ्या.

– धार तुटक, फुसफुसत येत असेल तर पाइपात हवा अडकलीय. पाइप कठड्यावरून चढवून खाली उतरवलाय का बघा.

– नळ्या बदलायच्या तर पहाटेच. तापलेल्या नळीत गार पाणी गेलं की ती तडकते.