कार्लश्टेन किल्ला: प्रागहून एका दिवसात, होली क्रॉस चॅपलसकट

प्रश्न: सप्टेंबरमध्ये प्रागला असताना एक दिवस कार्लश्टेनसाठी ठेवलाय. सोबत ज्येष्ठ मंडळी आहेत. चढ किती आहे? रत्नं जडवलेलं चॅपल साध्या तिकिटात बघायला मिळतं का?

गडवाट: नाही मिळत, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. किल्ला मार्गदर्शकासोबत ठरलेल्या टूरमध्येच दाखवतात. टूर १ मध्ये चौथ्या चार्ल्सचा (चौदाव्या शतकातला बोहेमियाचा राजा आणि पवित्र रोमन सम्राट) राजवाडा आणि मरियन टॉवर एवढंच दाखवतात. तुम्ही म्हणताय ते रत्नांचं होली क्रॉस चॅपल टूर २ मध्ये येतं. त्याचं ऑनलाइन आरक्षण आधीच करा, कारण एका गटात फक्त १६ जण घेतात आणि थंडीत ही टूर बंद असते. श्वासातल्या दमटपणाने चित्रं खराब होतात, म्हणून ही मर्यादा. आत चार्ल्सचा दरबारी चित्रकार मास्टर थिओडोरिक याची १२९ फलकचित्रं (लाकडी फळ्यांवर रंगवलेली चित्रं) आहेत. भिंतीच्या खालच्या भागात घासूनपुसून चकचकीत केलेले जांभळे-लाल खडे, त्यांच्यामधल्या गिलाव्यावर सोन्याचा मुलामा, आणि वर छताला सोनेरी तारे. या एका खोलीसाठी जास्तीचे पैसे मोजावेत असं माझं ठाम मत आहे. फोटो मात्र काढू देत नाहीत.

पायवाटसरू: प्रागच्या मुख्य स्टेशनहून किंवा स्मिखोवहून बेरोउनकडे जाणारी एस ७ लोकल पकडा, साधारण ४० मिनिटं लागतात. नुसतं प्राग शहराचं तिकीट चालत नाही, बाहेरच्या झोनचंही लागतं. स्टेशन बेरोउंका नदीच्या पलीकडे आहे. पूल ओलांडून गावातून दोनेक किलोमीटर चढ आहे. धिम्या चालीने पाऊण तास धरा आणि टूरची वेळ त्या हिशोबाने निवडा. रस्ता दगडी फरशीचा असल्याने पावसात घसरतो, गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. गुडघे दुखत असतील तर टूर २ टाळा, चॅपल ज्या मोठ्या टॉवरमध्ये आहे तिथे पायऱ्याच पायऱ्या आहेत. सोमवारी जाऊ नका, सप्टेंबरमध्ये त्या दिवशी किल्ला बंद असतो.

गडवाट: एक राहिलं. खालच्या अंगाचा विहिरीचा बुरूज चुकवू नका. विहीर ७८ मीटर खोल आहे. कुटना होरा या चांदीच्या खाणींच्या गावातल्या खाणकामगारांनी ती खणली, पण पाणीच लागलं नाही. शेवटी जवळच्या ओढ्याचं पाणी भुयारी पाटाने आत वळवावं लागलं. माणसाने आत चालून फिरवायचं मोठं लाकडी चाकही तिथेच आहे, आणि ज्येष्ठांना ते चाक मोठा टॉवर न चढता बघता येतं.